मैमूनाच्या सुरईतले दाणे

जुन्या जालन्यात धान्याच्या ठोक दुकानांची जी गल्ली आहे, तिच्या तोंडाशी लतीफभाईंची सरबताची गाडी उभी असते. उंच, वाळका माणूस. डोक्यावर जाळीची पांढरी टोपी. पेला हातात देण्याआधी त्याची कड दोनदा पुसायची सवय. पंचाहत्तरी उलटली, तरी कड दोनदाच पुसली जाते.

आमची नाटक कंपनी याच गावात मोडली. बाकीचे नट आपापल्या गावी गेले. मला गाव नव्हतं, मी इथंच राहिलो. त्या दिवशी मला ज्यांनी गाडीशेजारच्या बाकावर बसवून खसाचं सरबत पाजलं ते लतीफभाई. त्या बाकावर मी आजही बसतो. सगळे मला मास्तर म्हणतात, तेही तेव्हापासूनच.

या गल्लीत एक चाल होती. गव्हाची आवक ओसरली, उन्हाचा कडाका वाढला, की एप्रिलातल्या एका मंगळवारी लतीफभाई तीन सरबतं मांडायचे. वडलांकडून आलेलं खसाचं, मोसंबीचा रस, आणि त्यांच्या बायकोनं, मैमूनाभाभींनी, घरी केलेलं बडीशेपेचं. आलेल्या प्रत्येकाला तिन्हींचा एकेक घोट. मग ज्याला जे आवडलं त्याच्यापुढच्या रिकाम्या सुरईत त्यानं एक दाणा टाकायचा. दाणा ज्याचा त्यानं आणायचा. धान्याच्या गल्लीत माणसाच्या खिशात नमुन्याचे दाणे असतातच. गव्हाचा व्यापारी गहू टाकी, तुरीवाला तूर, परतूरच्या जिनिंगमधून आलेला माणूस सरकी. घरातल्या बायका गाडीवर येत नसत, घरी मागवलेले घोट चाखून त्या शेजारच्या प्रेमबाईंच्या हाती हिरवे मूग पाठवत. मी तांदूळ टाकायचो. मी कशाचाच व्यापारी नव्हतो, पण नाटकातल्या लग्नांच्या अक्षता माझ्या जुन्या ट्रंकेत सांडलेल्या होत्या.

सुरया घेऊन लतीफभाई मागच्या ओट्यावर जायचे, मोजायचे आणि मला कानात आकडे सांगायचे. मी बाकावर उभा राहून, कंपनीतल्या आवाजात, निकाल पुकारायचो. आवाज गाडीमागच्या त्यांच्या घराच्या वरच्या खिडकीपर्यंत जाई. त्या खिडकीआड मैमूनाभाभी उभ्या असत.

दरवर्षी खस पहिलं येई. मोसंबी दुसरी. भाभींच्या सरबताला पाच-सात दाणे. लतीफभाई हसून म्हणत, बायकांचं पाणी आहे, बायकाच पितात. भाभी माठाला ऊदाची धुरी द्यायच्या आणि मग त्यात बडीशेप आणि काळ्या मनुकांचं गाळलेलं पाणी ओतायच्या. पहिल्या घोटाला ते काहीच लागत नसे. चव मागून यायची, पेला परत केल्यावर, चार पावलं चालून गेल्यावर.

दोन हजार सोळाच्या एप्रिलमध्ये मी पुकारलं, "खस, चौसष्ट. मोसंबी, एकवीस. बडीशेप, नऊ." वरची खिडकी लागली. त्यानंतर भाभींनी सरबत केलं नाही. त्याच दिवाळीच्या आसपास त्या वारल्या.

मग वास सुरू झाला.

आधी एका हमालानं सांगितलं, चाचा, आज खसला ऊदाचा वास येतोय. लतीफभाईंनी खसाचं भांडं धुतलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांनी अर्धा पेला ठेवून दिला. भागचंदजी, शेजारचे गव्हाचे व्यापारी, शहाणा माणूस. ते म्हणाले, भाभीचा माठ वापरत असाल, माती वास धरून ठेवते. खरंच तो भाभींचा माठ होता. लतीफभाईंनी तो उचलून घरात ठेवला आणि कुंभारवाड्यातून नवा आणला. आठ दिवसांनी नव्या माठातही तोच वास. मग स्टीलची टाकी आली. टाकीतही. मी स्वतः प्यालो आहे. हिरवंगार गोड खस, आणि घशाखाली उतरल्यावर, मागून, ऊद.

सगळ्यांना तो येत नसे. नवी पोरं बिनघोर पीत. ज्यांनी भाभींचं सरबत चाखलं होतं त्यांनाच तो लागे. ती माणसं हळूहळू यायची थांबली. काही करोनात गेली.

मतदान मधली काही वर्षं बंद पडलं. गेल्या मार्चमध्ये एका दुपारी लतीफभाई माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. गिऱ्हाईक उभं होतं, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. म्हणाले, या उन्हाळ्यानंतर गाडी बंद. पण त्याआधी एकदा बडीशेपेचं सरबत मांडायचंय आणि ते जिंकलेलं ऐकायचंय. सगळ्यांदेखत. मी विचारलं, इतकी वर्षं हरलं त्याचं आता काय?

"हरलं न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "त्या शेवटच्या साली जिंकल्तं. मी तिची सुरई उपडी केली तर ढीगच पडला. मोजायची बी गरज न्हाई, नजरेलाच दिसत होतं. बाहेर समदे बसले होते. म्हनले असते, लतीफला बायकोनं हरवलं. मी एक मूठ भरली आन् कुडत्याच्या खिशात टाकली. राह्यले नऊ."

त्यांनी पेला उचलला, कड पुसली, परत पुसली.

"आन् तुम्ही ते पुकारलं," ते म्हणाले. त्यात दोष नव्हता. पण मला माझा तो आवाज ऐकू आला. गल्लीच्या शेवटापर्यंत स्पष्ट पोचणारा, एकेक अक्षर सुटं. आयुष्यभर मी त्या आवाजाचं कौतुक करून घेतलं होतं.

सरबत करायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. धुरी जास्त झाली की कडू, कमी झाली की नुसतं बडीशेपेचं पाणी. त्यांनी परतूरला दिलेल्या मुलीला, नसरीनला, बोलावून घेतलं. ती उर्दू शाळेत शिकवते. आईसारखाच कमी बोलणारा चेहरा. तिला सरबत येतं, आईनंच शिकवलं होतं, पण वडील मतदानाचं बोलले तेव्हा ती सरळ नको म्हणाली. तेव्हा लतीफभाईंनी तिलाही सगळं सांगितलं. मी तिथंच होतो. ऐकून तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"अम्मीला माहीत होतं, अब्बू," ती म्हणाली. "त्याच दिवशी. गल्लीतल्या चौदा जणींनी तिच्याच सरबताला मूग पाठवले होते. प्रेमबाईंनी अम्मीच्या समोर मोजून नेले होते. तुम्ही नऊ सांगितले."

लतीफभाईंनी एवढंच विचारलं, ती काय म्हनली?

"काहीच नाही. माठ धुतला."

त्यानंतर तिनं सरबत करायचं कबूल केलं. का केलं, मला ठाऊक नाही. कदाचित बापाची खाली गेलेली मान पाहून. तिनं घरात ठेवलेला आईचा जुना माठ काढला, निखाऱ्यावर ऊद टाकला आणि माठ त्यावर पालथा धरला. मोजून सतरा श्वास, ती म्हणाली, अम्मी श्वासांनी मोजायची.

मंगळवारी गल्ली भरली. तीन सुरया मांडल्या. लतीफभाईंनी आधीच भागचंदजींना सांगितलं होतं, मोजनी तुमची, हितंच, पांढऱ्या फडक्यावर, समद्यांपुढं. मी मैमूनाभाभींचं सरबत घेतलं. पहिल्या घोटाला काही नाही. बाकापर्यंत चालत गेलो आणि ते आलं, जसंच्या तसं.

पण लोक वेगळे होते. नव्या दुकानांतली तरुण मुलं, हातात थंड पेयांच्या बाटल्या, एका घोटात तिन्ही संपवायची घाई. बडीशेपेचा पेला ठेवताना एकानं मित्राला विचारलं, याच्यात काही टाकलंय का? चव मागून येईपर्यंत थांबायला कुणी तयार नव्हतं. दाणा टाकून ते मोटरसायकलवर बसत आणि जात. काहींच्या खिशात दाणेच नव्हते. हिशेब मोबाइलवर, नमुनेही फोटोत. त्यांच्यासाठी भागचंदजींनी गव्हाचा कट्टा, लहान पोतं, उघडून ठेवला होता.

मला दिसत होतं काय होणार ते. त्या कट्ट्याजवळ मी उभा होतो. सगळे मोसंबीच्या रसाभोवती होते. मी मूठ भरली. माझ्या हयातीत मी इतक्या माणसांना खोटे राजे, खोट्या राण्या विश्वासानं दिल्या, एका मेलेल्या बाईला खरंच मिळालेली जीत परत द्यायला मला काहीच वाटलं नसतं. मी सुरईपर्यंत पोचलोही.

"मास्तर," लतीफभाई गाडीमागून हळूच म्हणाले. "तुम्ही बी?"

मी मूठ परत कट्ट्यात सोडली.

भागचंदजींनी मोजलं. मी बाकावर चढलो. गुडघे वाजले. "मोसंबी, एकोणपन्नास. खस, एकतीस. बडीशेप, सतरा." खिडकीत नसरीन उभी होती. ती आत गेली नाही. लतीफभाईंनी मान हलवली, जणू कुणी पत्ता विचारला आणि त्यांनी तो सांगितला. लोक पांगले. जीत काही परत झाली नव्हती. भाभींना जिंकवणारी माणसंच आता गल्लीत नव्हती.

दुपारी ते घरात गेले आणि सुपारीचा एक पितळी डबा घेऊन आले. फडक्यावर उपडा केला. राखाडी पीठ पडलं, किडीनं पोखरलेली टरफलं, मेलेले सोंडे. ती मूठ. नऊ वर्षं त्यांनी ती ठेवली होती.

"किती होते ते मोजता येना आता," ते म्हणाले. "पर कोन होते ते तरी सांगा."

त्यांनी बोटानं पीठ बाजूला सारलं. आत काही दाणे टिकले होते. करडईचे दोन.

"करडई अंकुशनगरचे काकासाहेब आणायचे," मी म्हणालो. "आणि त्यांचा भाऊ."

"हायेत?"

"नाहीत. दोघंही."

सरकीचा एक दाणा. परतूरच्या जिनिंगमधले भारतराव. तेही गेले. जवसाचा एक, तो कुणाचा ते मला आठवेना. मी सहज एखादं नाव घेणार होतो, एवढी सवय आहे मला, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हणालो, ठाऊक नाही. त्यांनी तो दाणा वेगळा ठेवला. मुगाची पाच टरफलं, पोकळ. प्रेमबाईंनी नेलेल्या चौदांतली ही पाच.

मग तांदळाचा एक तुकडा.

"हा माझा," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की, लतीफभाई. त्या वर्षी माझा दाणा मी भाभींना दिला होता."

खिडकीतून ऊदाचा वास येत होता. नसरीन माठ धूत असावी, किंवा नसावी. लतीफभाईंनी माझ्यापुढे एक पेला ठेवला, कड पुसून, आणि पिठात पुन्हा बोट घातलं.

"बोला पुढं," ते म्हणाले. "जल्दी न्हाई."