पिशवीतली सुई

परळच्या लॅबमध्ये मी रिपोर्टच्या खिडकीवर बसतो. आतल्या टेक्निशियन बाई मूळच्या मालवणच्या, राहायला घोडपदेवला, आणि आवाज कायम चढलेला. कुणी ग्लोव्हज न काढता दाराची मूठ धरली की त्या कडाडायच्या, "तोच हात मगे पोराच्या गालाक लावतलंस?"

गेल्या महिन्यात सफाईच्या मावशींना कचऱ्याच्या साध्या पिशवीतली वापरलेली सुई टोचली. मॅनेजर म्हणाले, "साबणाने धुवा. बोभाटा नको."

बाई मॅनेजरांच्या टेबलासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सुई तुमच्या बोटात गेली असती, तर साबणावर भागवलं असतंत? एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध लगेच सुरू करावं लागतं!" रांगेतले पेशंट तसेच सोडून त्या मावशींना टॅक्सीने हॉस्पिटलमध्ये घेऊन गेल्या.

दोघी परतल्यावर मॅनेजरांनी बाईंना विनाकारण काम सोडल्याचा मेमो दिला. बाईंनी तिथेच बसून घडलेल्या प्रकाराची तक्रार लिहिली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "तू बघितलंस ना? साक्षीदार म्हणून सही कर."

मॅनेजर बघत होते. मी म्हणालो, "मी रिपोर्ट देत होतो, बाई."

 पट्टी लावलेल्या बोटांनी मावशींनी पेन उचललं आणि माझ्या जागी स्वतः सही केली.