गोव्याहून मोगलाईत आणलेलं झुंबर

समुद्र बघायची हौस देशमुखांची. मला समुद्राचं काही पडलेलं नव्हतं. पण बेळगावच्या बैलबाजारात माझं काम होतं, तिथून गोवा जवळ, आणि जाता-येता देशमुखांबरोबर एका बाकावर बसायला मिळणार होतं. त्यांच्याशी मला एक गोष्ट ठरवायची होती. ती त्यांच्या गावात ठरत नव्हती, म्हणून ‘चला, समुद्र दाखवून आणतो’ असं मीच म्हणालो.

ती गोष्ट आधी सांगतो. माझी मुलगी गंगू अकरा वर्षांची. लिंबागणेशच्या बाजूला देशमुखांचं गाव. त्यांच्या धाकट्या मुलाशी तिचा साखरपुडा झाला. त्यांच्या वाड्यातल्या बैठकीत मी म्हणालो, लग्न यंदाच करू, पण पोरीला नांदायला पाठवीन ती पुरती मोठी झाल्यावर. माझी थोरली बहीण तेराव्या वर्षी नांदायला गेली आणि पहिल्या बाळंतपणात गेली. तिला मी फक्त एकदा लुगड्यात बघितलं. देशमुख म्हणत होते, पुढच्या साली सून घरात पाहिजे. मी पुन्हा बोललो तेव्हा ते लोडाला टेकून म्हणाले, “बैलाचे दात मोजता मोजता पाव्हणं आता पोरीची वर्सं मोजाया लागले. हितं काय बाजार भरलाय व्हय?”

सगळी बैठक हसली. मी ताडकन उठलो. आतून माझ्या बायकोनं बांगड्या वाजवल्या म्हणून पुन्हा बसलो, नाहीतर सोयरीक तिथंच मोडली असती आणि पोरीच्या नावाला बट्टा लागला असता. मी गुराख्याचा मुलगा. दुसऱ्याची गुरं हाकत मोठा झालो आणि आज माझे बैल बेळगावपर्यंत जातात. लोकांचं हसू मी पुष्कळ गिळलंय. हे मात्र घशात अडकून बसलं होतं.

बार्शीपर्यंत छकडा, तिथून छोटी आगगाडी, मग मोठी. देशमुखांनी वाटभर पानदान उघडं ठेवलं आणि मी विषय काढला की तोंडात पान घातलं. पान भरल्या तोंडाच्या माणसाशी बोलणी करता येत नाहीत. बेळगावचं काम उरकून आम्ही गोव्याच्या गाडीत बसलो. घाट लागला आणि डोंगराच्या कड्यावरून दूध ओतावं तसा धबधबा गाडीच्या अंगावर आला. खिडकीतून तुषार उडाले. देशमुखांनी दोन्ही हात जोडले. मीही जोडले, खोटं कशाला सांगू.

घाटाखाली पोर्तुगीजांचा अंमल सुरू होतो. शिपायांनी आमची गाठोडी सोडली, धपाटी हुंगून बघितली आणि परत बांधून दिली. मडगावला उतरलो तेव्हा अंधारून आलं होतं. एका हिंदू खाणावळीत उतरलो. जेवायला भात आणि नारळाच्या रसातली मासळी. चव चांगली होती, पण तिखट नाही. देशमुखांनी मिरच्यांचा ठेचा काढून त्यावर घातला तेव्हा खाणावळवाला बघतच राहिला.

सकाळी दिवसभरासाठी घोडागाडी ठरवली. गाडीवान बाबलो म्हणून होता, पांढऱ्या मिशांचा. त्याला मराठी येत होती. मी हाली शिक्क्याचा रुपया दाखवला तर त्यानं तो उलटसुलट करून बघितला.

“हा कोणाचा?”

“आमच्या निजामाचा.”

“मग निजामालाच द्या. मला इंग्रजांचा हवा.”

माझं डोकं फिरलं. मी गाडी सोडून पायी चालू लागलो. चौकाच्या वळणापर्यंत गेलो तेव्हा गाडी मागून आलीच, आणि भाडं माझ्या आकड्यावर ठरलं. रुपया मात्र इंग्रजांचाच द्यावा लागला. त्यानं विचारलं, “तुमच्यात पात्रांव (मालक) कोण?” देशमुखांनी घसा खाकरला. बाबलो म्हणाला, “भाडं ठरवलं तो पात्रांव,” आणि मला हात देऊन आधी चढवलं. तिथून पुढं दिवसभर मी पात्रांव आणि देशमुख नुसते ‘तुमचे सोबती’. मला हे फार आवडलं.

मडगावच्या आसपासचा मुलूख हिरवागार. भातखाचरं, मध्ये मध्ये माडांच्या रांगा, आणि त्यात अचानक एखादा महाल उभा. आमच्याकडे वाडा म्हणजे बाहेरून भिंत. आत काय आहे ते वाटसरूला दिसू नये अशी बांधणी. इथं सगळं उलटं. महालाचं तोंड रस्त्याकडे, रांगेनं खिडक्या, आणि खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांचे पातळ तुकडे बसवलेले. ऊन त्यातून गाळून आत जातं. एका महालाच्या दर्शनी खिडक्या मी मोजायला लागलो तर देशमुख म्हणाले, “मोजा, मोजा. तुमची सवयच हाय ती.” मी दात खाल्ले. पोरीचा बाप होतो.

बाबलोनं सांगितलं की हे महाल फिरंग्यांनी बांधले, काही त्यांच्या कारकिर्दीत मोठ्या झालेल्या इथल्याच किरिस्तांव (ख्रिस्ती) जमीनदारांनी. कुणाच्या दारावर दगडात कोरलेली ढाल, कुणाच्या ओसरीत पालखी. देशमुख प्रत्येक दारापुढं गाडी थांबवायला लावत आणि वर बघत उभे राहत. आपल्यापेक्षा मोठं घर बघायची त्यांना सवय नव्हती.

दुपारी कोलव्याला समुद्र बघितला. माडांच्या आडून गाडी बाहेर आली आणि पुढं जमीनच संपली. मी आमच्या बीडच्या बिंदुसरा नदीला पूर आलेला बघितलाय, पण पुराला पलीकडचा काठ असतो. इथं नजर टेकवायला काही नाही. वाळू पिठासारखी, वर आडवे पडलेले मचवे, जाळी विणणारे कोळी.

“पाव्हणं,” देशमुख हळूच म्हणाले, “हे सगळं खारं हाय?”

“चाखून बघा.”

त्यांनी जोडे काढून वाळूवर ठेवले, धोतर वर धरलं, आणि ओंजळीत पाणी घेऊन खरंच चाखलं. तोंड वाकडं झालं. तेवढ्यात मोठी लाट आली, त्यांच्या गुडघ्यापर्यंत चढली, आणि परत जाताना एक जोडा घेऊन गेली. देशमुख त्यामागं धावले. दुसरी लाट आली तसे घाबरून माझ्या दंडाला लोंबकळले.

“धरा, धरा! ओढतंय मला!”

“धरलंय, देशमुख. सोडत न्हाई.”

कोळ्यांच्या बायका हसत होत्या. जोडा काही मिळाला नाही. उरलेला एक घेऊन करायचं काय? देशमुखांनी तोही समुद्रात भिरकावला आणि अनवाणी गाडीत बसले. मी हसलो नाही. हसायची वेळ ती नव्हती. मला काम होतं.

परतीच्या वाटेवर बाबलो म्हणाला, नदीकाठी एक म्हातारी बाय (बाई) राहते, नवरा वारला, मुलगे आफ्रिकेत, ती आपला महाल आतून दाखवते आणि कधी एखादी वस्तूही विकते. वस्तू विकते म्हटल्यावर मी लगेच ‘चला’ म्हणालो.

बाय बारीक अंगाची, काळ्या कपड्यांतली, कंबरेला किल्ल्या. आम्ही हिंदू, तिच्या घरचं पाणी घेणार नाही हे तिला ठाऊक होतं. तिनं न विचारता शहाळी मागवली आणि आमच्यासमोर फोडायला लावली. वरचा दिवाणखाना इतका लांब की एका टोकाला बोललेलं दुसऱ्या टोकाला उशिरानं पोचावं. खाली लाकडाची जमीन, आरशासारखी. देशमुखांच्या अनवाणी पावलांचे ओले ठसे त्यावर उमटत होते आणि ते बोटांवर चालत होते.

छताला झुंबर होतं. वाऱ्यानं त्याचे लोलक एकमेकांना लागून किणकिणत होते, आणि शिंपल्यांतून आलेलं ऊन त्यात फुटून भिंतीवर रंगांचे ठिपके नाचत होते. देशमुखांनी वर बघितलं, मग चटकन दुसरीकडे बघितलं. पुन्हा वर बघितलं, आणि मग एकदम जमिनीकडे बघू लागले.

मी ओळखलं. बाजारात ज्याला बैल मनापासून हवा असतो तो बैलाकडं बघत नाही.

ते मला बाजूला घेऊन म्हणाले, “लगीन आपल्या वाड्यातच हाय. वर हे टांगलं तर? पंचक्रोशीत कुणी असं बघितलं नसंल.”

“मग घ्या की.”

“मी कसा बोलू? देशमुखानं घासाघीस करायची? तुमी बोला. तुमाला येतं ते.”

हीच ती विद्या, जिच्यावरून बैठक हसली होती. माझ्या ओठांवर चांगलं तिखट उत्तर आलं होतं. ते मी गिळलं, आणि एवढंच म्हणालो, “बोलतो. पण आधी आपलं ठरवू.”

“आपलं काय?”

“गंगूचं.”

“हितं? परक्याच्या घरात?”

“हितंच. हितं हसायला कुणी न्हाई.”

दिवाणखान्याच्या मध्ये एक चमत्कारिक आसन होतं. दोन खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, पण तोंडं उलट्या दिशांना. मधला हात दोघांना सामाईक. नवरा-बायकोनं बसून बोलायची ती जागा, असं बाबलो म्हणाला. देशमुख नदीकडे तोंड करून बसले, मी दाराकडे. मधल्या हातावर मी माझं उपरणं पसरलं आणि त्याखाली हात घातला.

आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली बोटं धरायची. जितकी बोटं तितका आकडा, आणि सबंध पंजा म्हणजे पाच. भोवती शंभर माणसं उभी असोत, आकडा दोघांतच राहतो. पण कापडाखाली दिलेला शब्द कुणी मोडत नाही. मोडला तर त्या माणसाला पुन्हा कुणी हात देत नाही. देशमुख स्वतः बाजारात उतरत नसत, तरी ही भाषा त्यांना येत होती. ती आमच्याकडे कुणाला येत नाही?

“एक बोट, एक वर्स,” मी म्हणालो.

मग त्यांचा हात आला. त्यांनी माझं एकच बोट धरलं. मी त्यांचा पंजा धरला आणि वर आणखी एक बोट.

“लई होतंय,” ते नदीला म्हणाले.

“बोलायचं न्हाई,” मी दाराला म्हणालो.

त्यांनी दोन बोटं धरली. मी पंजावर आलो. ते थांबले. त्यांच्या तळहाताला घाम सुटला होता, आणि माझ्याही. मला बहिणीचं लुगडं आठवलं. ते तिला मोठं होत होतं, चालताना पायात येत होतं. त्यांनी तिसरं बोट धरलं. खरं सांगतो, मी तिनावर तयार होतो. चौदाव्या वर्षी तरी पोर जरा उभी राहील, असं मनाशी धरूनच घरातून निघालो होतो. पण तेवढ्यात वर झुंबर किणकिणलं, आणि देशमुखांचा हात किंचित हलला. मी माझा हात दगडासारखा ठेवला.

बाय दारात येऊन उभी होती. दोन माणसं उलट्या दिशांना तोंड करून, कापडाखाली हात धरून, गप्प. तिनं बाबलोला हळूच काही विचारलं. मग मान खाली घालून छातीवर क्रूस केला आणि आमच्यासाठी थांबून राहिली. बाबलोनं नंतर सांगितलं, तिला वाटलं आमची प्रार्थना चालली आहे.

चौथं बोट आलं. सावकाश, पण आलं. मी त्यांचा तळहात दाबला. ठरलं.

देशमुखांनी हात काढून धोतराला पुसला. “लई चिवट माणूस हायेस बे तू,” ते म्हणाले. एवढ्या वर्षांत ‘पाव्हणं’ सोडून त्यांनी मला पहिल्यांदा काही म्हटलं.

मग मी बायशी झुंबराचं बोललो. जिवावर बेतल्यासारखा भांडलो. दोनदा मी जिना उतरून गेलो, एकदा तिनं किल्ल्या आपटल्या. बाबलो दोघांच्या शिव्या मधल्यामध्ये खाऊन नुसते आकडे पोचवत होता. देशमुख त्या आसनावर डोळे मिटून बसले होते. शेवटी सौदा झाला. बायनं माझ्याकडे बघून “देव बरें करूं” (देव भलं करो) म्हटलं. मी तिला वाकून नमस्कार केला.

आता भीती दुसरीच. झुंबर फुटलं तर? देशमुखांचा शब्द मला मिळाला होता, पण फुटक्या काचा घेऊन घरी गेलेल्या माणसाचा शब्द कसा राहतो ते मी बघितलंय. मी स्वतः एकेक लोलक भाताच्या पेंढ्यात गुंडाळला, पेटी मांडीवर घेतली, आणि बार्शीपर्यंत ती खाली ठेवली नाही. मुलूख कोणता गेला ते मला दिसलं नाही. जाताना बघितलेला धबधबा येताना मी बघितलाच नाही.

बार्शीच्या पुढं मोगलाईची, म्हणजे आमच्या निजामाच्या मुलखाची हद्द. करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर कारकुनानं पेटीवर पहार टेकवली.

“इसमें क्या है?”

“काच है, साहेब. हळू. पोरीच्या लग्नाचं है.”

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, पहार बाजूला ठेवली आणि हातानं खिळे काढले. लोलक उन्हात धरून बघितला, “वाह” म्हणाला आणि तसाच परत गुंडाळून ठेवला. त्याचं भलं होवो.

पुढचा रस्ता मात्र दगडाधोंड्यांचा. छकड्याच्या प्रत्येक हिसक्याला पेटीतून आवाज येत होता आणि मी ती दोन्ही हातांनी आवळत होतो. देशमुखांच्या वाड्यात पेटी उघडली तेव्हा सगळं घर गोळा झालं. पेंढा काढला. सात-आठ लोलक फुटले होते. मी देशमुखांकडं बघितलं. त्यांनी फुटके तुकडे बोटानं बाजूला सारले आणि उरलेलं झुंबर कडीला धरून उभं उचललं. अंगणातल्या उन्हात ते पेटलं. पोरं ओरडली.

त्यांच्या थोरल्या वहिनीनं पदर सावरत विचारलं, “म्हंजे लगीन यंदाच. आन् सून पुढच्या साली येती ना?”

“चार सालांनी,” देशमुख म्हणाले.

“कावून?”

“ठरलंय. मी हात दिलाय.”

ते माझ्याकडं न बघता म्हणाले, आणि कुणी हसलं नाही. मी तिथं चहाला थांबलो नाही. छकडा बीडकडं वळवला आणि वाटेतलं पाली गाव मागं पडलं तसा मोठ्यानं श्वास सोडला. बैलांनी कान टवकारले. समुद्र कसा असतो म्हणून लोक मला विचारतात. काय सांगू? मोठा आहे, खारट आहे. पण माणसाला त्याच्या गावातून, लोडावरून, जोड्यांतून बाहेर काढतो, हे मी बघितलंय. प्रवासाचा एवढा उपयोग मला पुरला.

घरी पोचलो तर गंगू ओसरीत सागरगोटे खेळत होती. माझ्याकडं बघून हसली आणि पुन्हा डावात गेली. बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लोक होते म्हणून तिनं नजरेनंच विचारलं. मी चार बोटं दाखवली.

तिनं तांब्या खाली ठेवला, डोळ्याला पदर लावला, आणि मग अगदी हळू म्हणाली, “चारच? जरा ताणलं असतं तर पाच दिली असती त्यांनी.”