थांबलेलं वजन

नवरा गेला आणि महिन्याभरात दिराने लाकडी वाडग्यांच्या कारखान्याला स्वतःचं कुलूप ठोकलं. वर माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला सांगितलं, "वहिनींच्या हातचं लाकूड तडकतं." वीस वर्षं नवऱ्याच्या जोडीने लाकूड कातायच्या लेथवर उभ्या राहिलेल्या बाईबद्दल हे बोलणं! लोक तिला कातारीणच म्हणत. तेव्हापासून दिरावर तिने दात धरला.

मागच्या खोलीत जुना लेथ मांडून तिने चार वर्षं काढली. ओलं लाकूड आधी जाडजूड कातायचं, जिथून ओल लवकर उडते त्या आडव्या छेदांवर मेण थापायचं, त्याच्याच ओल्या छिलक्यांत गुंडाळून कागदी पिशवीत ठेवायचं आणि दर आठवड्याला तोलायचं. वजन उतरायचं थांबलं की पुन्हा लेथवर चढवून पातळ करायचं. घाई केली की वाडगा फुटलाच. दीर मात्र वाळलेलंच लाकूड विकत आणायचा. ओल्या लाकडाच्या भानगडीत त्याचा दादा, म्हणजे तिचा नवराच, पडायचा.

यंदा तुतीचं मोठं झाड पडलं. व्यापाऱ्याने त्याचा ओला ओंडका दोघांत वाटला. ज्याचा वाडगा दुकानात महिनाभर धड राहील, त्याला दुकानाचं कायमचं काम. कातारणीला ते काम हवंच होतं, पण खरं सांगायचं तर दिराचं नाक कापलेलं तिला जास्त हवं होतं.

ऐन दमट हवेच्या दिवसांत दीरच तिच्या दारात आला. चार वर्षांत पहिल्यांदा.

"वहिनी, तीन आठवडे वजन हललं नाही. चढवू का लेथवर?"

तिने बसा म्हटलं नाही. "वजन थांबलं की वाळलं. तुमचे दादाच म्हणायचे ना, भावजी?"

"म्हणायचा खरा."

नवरा आणखीही एक म्हणायचा. दमट हवेत थांबलेलं वजन खोटं, ओल आतच अडकलेली असते, कोरडी हवा सुटेपर्यंत लाकडाला हात लावू नका. तेवढं तिने गिळलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली. स्वतःचा वाडगा तिने कोरडी हवा सुटून वजन पुन्हा उतरल्यावरच कातला.

दोन्ही वाडगे दुकानात मांडून महिना भरल्यावर व्यापाऱ्याने दोघांना बोलावलं. थंडीमुळे दुकानात हीटर चालू होता, हवा कोरडी ठक्क. दिराचा वाडगा काठापासून तळापर्यंत उलला होता, तिचा धड होता. तिचा जीव सुखावला.

दीर खाली बघत म्हणाला, "मी दादाचंच ऐकलं. त्यालाच लाकडातलं काही कळत नव्हतं."

"असेल," व्यापारी म्हणाला. "त्यांचा माल मीही डोळे झाकूनच घेत आलो."

गप्प बसली असती तर काम तिचंच होतं. पण नवऱ्याचं नाव असं मातीत जाताना तिला बघवेना.

"त्यांना सगळं कळत होतं," ती म्हणाली. "ओल्या हवेतलं वजन खोटं, हेही तेच सांगायचे. मी भावजींना अर्धंच सांगितलं. मुद्दाम."

व्यापाऱ्याने तिचा वाडगा फळीवरून उतरवून तिच्या हातात ठेवला. "घेऊन जा, बाई. असल्या माणसाचा माल मला नको."

ती वाडगा घेऊन निघाली. दाराशी दीर उभा होता, ती काही बोलेल म्हणून वाट बघत. तिने त्याची माफी मागितली नाही.