छापील कर्ज

आमच्या बोळिंजमध्ये छापील कागदावर कर्ज घेणारा पहिला माणूस मी, दिनानाथ काशिनाथ. या मानाबद्दल गावाने माझा सत्कार वगैरे केला नाही, पण मी मनातल्या मनात तो रोज करून घेत असे.

त्यापूर्वी आमच्याकडे कर्ज नव्हतं असं नाही. पण ते तोंडातल्या तोंडात सांगायचं असे. माझे वडील, अप्पा, केळी-पानवेलीची वाडी करायचे. त्रेचाळीस साली वादळात बागेतली निम्मी केळ आडवी झाली, तेव्हा त्यांनी आगाशीच्या एका नातेवाइकाकडून चाळीस रुपये घेतले होते. पुढे त्याच नातेवाइकाच्या मुलीचं लग्न निघालं. अप्पा गेले, अक्षता टाकल्या आणि पंगत बसायच्या आधी मागच्या बाजूने घरी आले. वर्षभराने पैसे फिटले तेव्हा ते पुन्हा आगाशीला गेले, ओटीवर बसले आणि म्हणाले, "आता वाढा मला. लग्नातलं जेवण राहिलंय." त्या घरच्या माऊलीने घाईघाईने भाकरी टाकली. अप्पा दोन भाकरी खाऊन, ढेकर देऊन परत आले.

मी मात्र शिकलेला. मॅट्रिक झालो, मुंबईला एका गोदी कंपनीत कारकून लागलो. पगार एकशे दहा रुपये. एक्कावन्न साली लीलाशी लग्न झालं आणि बावन्न साली आमच्या कचेरीतल्या एकाने मला 'हप्ता' हा शब्द शिकवला.

लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. आमच्या गावात वीज नव्हती, त्यामुळे दुकानदाराने मला तो दाखवला तेव्हा तो माझ्यासाठीच बनवलाय अशी माझी खात्री झाली. पन्नास रुपये आधी, मग दर महिन्याला अठरा. कागद छापील होता, वर सिंहाचं चित्र. मी सही इतकी वळणदार केली की दुकानदार म्हणाला, "साहेब, जागा संपली."

'साहेब' म्हणाला म्हणून मी स्टेशनापासून घरापर्यंत टांगा केला.

"किती पडले?" अप्पांनी विचारलं.

"पैसे लगेच द्यायचे नसतात, अप्पा. हप्ता आहे."

"म्हणजे कर्ज."

"कर्ज नव्हे. सोय. कर्ज माणूस माणसाकडून घेतो, सोय कंपनी देते."

अप्पांनी रेडिओभोवती एक चक्कर मारली. एरियलची तार माडाला बांधली, खोका बोलायला लागला, आणि संध्याकाळी आमच्या खळ्यात पंचवीस माणसं बसली. त्यानंतर अप्पांनी किंमत विचारली नाही. बातम्या लागल्या की ते सगळ्यांना गप्प करत, जणू दिल्लीहून कोणी आमच्याच घरी बोलायला आलंय.

सोय एकदा अंगवळणी पडली की थांबणं कठीण. मी मनगटी घड्याळ घेतलं. मग स्प्रिंगची लोखंडी खाट घेतली. लीला तिच्यावर दोन रात्री झोपली आणि तिसऱ्या रात्री चटई घेऊन खाली उतरली. "होडीत झोपल्यासारखं वाटतं," म्हणाली. मी हट्टाने वरच झोपत राहिलो, कारण खाटेचे नऊ हप्ते बाकी होते.

मग जे व्हायचं ते झालं. घरी द्यायचे पैसे, रेल्वेचा पास, चहा-विडी, आणि तीन ठिकाणचे हप्ते यांची बेरीज पगारापेक्षा जास्त होऊ लागली. मी दिवसभर गोदीतल्या मालाच्या बेरजा करायचो आणि त्या कधी चुकायच्या नाहीत. ही एक बेरीज करायला मात्र मला वर्ष लागलं. रेडिओचा हप्ता चुकला, आणि एका रविवारी कंपनीचा वसुलीचा माणूस सायकलवरून दारात आला.

तो माणिकपूरचा आलोशियस. माझ्याच वयाचा, सडपातळ, घामाने भिजलेला सदरा, हातात पावत्यांचं पुस्तक. दारात अप्पा उभे होते. मी पुढे धावलो आणि म्हणालो, "अप्पा, हे रेडिओ कंपनीचे साहेब. यंत्र नीट चालतंय का ते बघायला येतात."

आलोशियसने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता संपलं. पण तो भला माणूस. आत आला, रेडिओला कान लावला, बटण फिरवलं आणि म्हणाला, "आवाज चांगला आहे, काका."

अप्पांनी खूश होऊन त्याला राजेळी केळ्यांची फणी दिली. अप्पा वाडीकडे वळले तसा तो हळूच म्हणाला, "दिनानाथ, यंत्र ठीक आहे. तुमचं काय?"

"पुढच्या महिन्यात दोन देतो."

पुढच्या महिन्यात तो आला, रेडिओ तपासला, केळी घेतली. त्याच्या पुढच्या महिन्यातही. कधी मी एखादा हप्ता देई, कधी नुसता चहा. एकदा सायकलला घड बांधता बांधता तो म्हणाला, "कंपनी मला पैसे आणायला पाठवते. मी केळी घेऊन जातो. माझी बायको फ्लॉसी म्हणते, अशीच गिऱ्हाइकं शोध."

लीलाला सगळं ठाऊक होतं. पावत्या तीच ठेवायची, आणि येणाऱ्या पावत्या विरळ होत चालल्या हे तिच्याइतकं कोणाला कळणार? एका रात्री जेवण वाढताना ती म्हणाली, "अहो, साहेबांना अजून किती महिने रेडिओ तपासायचा आहे?" मी कढी छान झाल्याचं सांगितलं. त्या दिवशी कढी नव्हती, सार होतं.

चोपन्नच्या थंडीतली गोष्ट. आमच्या विहिरीवर रहाट होता आणि तो ओढणारा रेडा म्हातारा झाला होता. शेजारच्या आळीत एकाने पाण्याचं इंजिन बसवलं होतं. अप्पा रोज त्याचा आवाज ऐकत. त्या रविवारी आलोशियस रेडिओला कान लावून उभा राहिला, तेव्हा अप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून समोर येऊन बसले.

"साहेब, एक विचारायचंय. तुमची कंपनी इंजिनं देते का? हप्त्यावर?"

आलोशियस म्हणाला, "देते, काका."

"मला एक पाहिजे. आयुष्यात एकदाच कर्ज घेतलं, आणि मला वर्षभर मान वर करता आली नव्हती. पण दिनू सांगतो, छापील असलं की ते कर्ज नसतं. दीड वर्ष बघतोय, तुम्ही येता, तोही हसतो, तुम्हीही हसता. मला आवडलं हे. जामीन लागतो म्हणतात. तर हा माझा मुलगा आहे. याची सही तुमच्याकडे आहेच."

मी रेडिओच्या मागे लोंबणारी तार उगाच नीट करू लागलो.

आलोशियसने हातातलं पावतीपुस्तक मिटलं. कपाळ पुसलं. "काका," तो म्हणाला, "मी साहेब नाही. वसुलीवाला आहे. आणि दिनानाथची सही जामिनाला चालायची नाही. त्याचेच पाच हप्ते थकलेत."

खळ्यात दोन-तीन माणसं आधीच येऊन बसली होती. रेडिओवर कोणी तरी नाट्यपद म्हणत होतं आणि ते काही केल्या संपेना. अप्पा माझ्याकडे बघत होते. ते ओरडतील, निदान हात उगारतील, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. मी तेहतीस वर्षांचा होतो, पण त्या क्षणी मार खायला मी आनंदाने तयार होतो.

अप्पा म्हणाले, "बंद कर तो."

"अप्पा..."

"बंद कर. आजवर ऐकलं त्याचेसुद्धा पैसे झालेले नाहीत."

मी बटण फिरवलं. अप्पांनी आत जाऊन केळी आणली आणि आलोशियसच्या सायकलला स्वतः बांधून दिली. तो नको नको म्हणत होता. "तुम्ही वसुलीवाले असलात तरी ऊन तेवढंच लागतं," ते म्हणाले.

संध्याकाळी नेहमीची मंडळी जमली, तेव्हा अप्पा ओटीवर उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज रेडिओ नाही. तो अजून आमचा झालेला नाही. दिनूचे पाच हप्ते बाकी आहेत." चाळीस रुपयांसाठी मागच्या बाजूने पळून आलेला हा माणूस! मी आत खाटेवर पडून होतो आणि ती माझ्याबरोबर कुरकुरत होती.

दुसऱ्या दिवशी मी अंधारातच स्टेशनकडे निघालो, कोणी भेटू नये म्हणून. तरी शेजारच्या शत्रुघ्नने मला तळ्याजवळ गाठलंच. मी मान खाली घातली.

"दिनूभाऊ," तो म्हणाला, "पाच हप्ते थकले तरी ते येऊन रेडिओ उचलून नेत नाहीत ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. का रे?"

"मग मीपण घेतो म्हणतो. दुकान कुठे आहे?"

त्या आठवड्यात आणखी दोघांनी मला दुकानाचा पत्ता विचारला. एकाने तर माझी शिफारस मागितली. मी लाजेने मरायला तयार होतो आणि गाव मला मरू देत नव्हतं.

अप्पांनी मला एक पैसाही दिला नाही. जे केलं ते लीलाने. पगाराच्या दिवशी तिने हात पुढे केला आणि पाकीट घेतलं. त्यानंतर मला रोज चार आणे मिळू लागले, तेही पाटीवर लिहून. घड्याळ कचेरीतल्या एकाला विकलं. खाट दुकानदाराने निम्म्या किमतीला परत घेतली. तिला बैलगाडीत चढवताना लीला पहिल्यांदा मोकळेपणाने हसली. टांगा बंद झाला, विडी सुटली. रेडिओवर चादर घातलेली होती, आणि रेडिओ असून घर शांत बघून नवखा पाहुणा आत कोणी आजारी आहे का, असं हळू आवाजात विचारायचा.

आलोशियस दर महिन्याला येतच राहिला. आता पावती फाडून द्यायचा. अप्पा त्याला अजूनही साहेबच म्हणत. केळीही चालू होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्याने शेवटची पावती आणली, 'पूर्ण फेड' असा जांभळा शिक्का मारलेली. अप्पांनी ती उजेडात धरून दोनदा वाचली, आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "लाव."

मी चादर काढली, बटण फिरवलं. आवाज नाही. इतके महिने पडून बॅटरी संपली होती. आलोशियसने सवयीने कान लावला आणि गंभीरपणे म्हणाला, "काका, आवाज चांगला नाही." अप्पा इतके हसले की त्यांना खांबाचा आधार घ्यावा लागला. नवी बॅटरी लीलाने पुढच्या पगाराला आणू दिली, रोखीने.

छप्पन्न साली अप्पांनी इंजिन घेतलं. हप्त्यावरच. दर एक तारखेला माणिकपूरला आलोशियसकडे जाऊन ते पैसे भरून येत, आणि वाटेत कोणी विचारलं तर "हप्ता भरायला चाललोय" असं तोंडभर सांगत. कागदावर जामीन म्हणून माझ्या धाकट्या भावाची, मधूची सही होती. तो शाळामास्तर, माझ्यापेक्षा पगार कमी. मला साक्षीदार म्हणूनसुद्धा कोणी विचारलं नाही. सहीसाठी फाउंटन पेन तेवढं माझं घेतलं. आता सांगायला हरकत नाही, त्या पेनाचेही तेव्हा दोन रुपये द्यायचे होते, आणि हे लीलाला माहीत नव्हतं.