आत्याची जुनी पायरी

माझी आत्या पक्की संशयी. भाजीवाल्याच्या तराजूवर संशय, डॉक्टरांच्या निदानावर संशय, आणि मी "जेवण छान झालंय" म्हटलं तर माझ्या हेतूवर संशय. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी हिनं मला अजून नोकरीत कायम केलेलं नाही, असं आतोबा म्हणायचे.

तिचं पोटही संशयावरच चालायचं. असंख्य सूक्ष्म कण एकमेकांना ओढत-ढकलत राहतात तेव्हा त्यांच्या ऊर्जेचं काय होतं, याचं गणित ती करायची आणि शिकवायची. चार कणांपुरतं खरं ठरलेलं तिला चालायचं नाही. कण कितीही वाढवले तरी टिकलं, तर खरं. मी तिची भाची, आणि नशिबाचे भोग म्हणून तिचीच विद्यार्थिनी.

आमच्या गटात एक नियम होता. नवी सिद्धता फळ्यावर दुसऱ्यानं मांडायची आणि ज्याची असेल त्यानं मागच्या बाकावर तोंड शिवून बसायचं. मालक शेजारी उभा राहिला की सिद्धतेतली लंगडी पायरीही धावायला लागते, असं आत्याचं म्हणणं.

आमच्यात एक अबोल मुलगा होता, त्याला सगळे मौनीबाबा म्हणायचे. त्यानं एक मोठी सिद्धता आणली. एका प्रकारच्या रचनेत सगळ्यात खालची ऊर्जा आणि तिच्या वरची ऊर्जा यांतलं अंतर, कण कितीही वाढले तरी मिटत नाही, असं त्यानं दाखवलं होतं. दुसऱ्या संस्थेत त्याची नोकरी ठरली होती. फक्त पदवी हातात हवी होती, आणि पदवीसाठी आत्याची सही. आत्या सही करेना. रोज एखादी ओळ काढून त्याला पिळायची.

मला यात काळंबेरं दिसायला लागलं. याच प्रश्नामागे आत्यानं उमेदीची वर्षं घालवली होती. ती जळतेय, अशी माझी खात्रीच झाली. आतोबांना तसं सांगितलं, तर त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

सिद्धता मांडायची पाळी माझ्यावर आली. आत्याला सही टाळायला सबबच उरू द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. मध्यावर एक पायरी आली, तिथे मौनीबाबानं एक छापून आलेला जुना निष्कर्ष वापरला होता. तो आत्याचाच. सगळेच तो डोळे झाकून वापरायचे. आत्या म्हणाली, "ते माहीत आहे, पुढे चल."

"नाही आत्या, आज काहीच गाळायचं नाही."

मी तो निष्कर्ष फळ्यावर उलगडायला घेतला. त्यात एक स्थिरांक होता, आम्ही त्याला 'सी' म्हणायचो. कण वाढले तरी त्यानं तसंच राहायला हवं, सगळी मदार त्यावर. उलगडता उलगडता मी थबकले. 'सी'च्या पोटात कणांची संख्या बसली होती. कण वाढले की 'सी' लहान होत जाणार, आणि आम्ही जपत होतो ते अंतरही त्याच्याबरोबर जाणार.

मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं. आत्या उठून फळ्यापाशी आली. ओळींवरून बोट फिरवत पुन्हा पुन्हा वाचत राहिली.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

मग ती मागच्या बाकाकडे वळली. "तू हे वापरलंस. उघडून पाहिलं नव्हतंस?"

"पाहिलं होतं," मौनीबाबा म्हणाला. "इथेच अडलो होतो."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुमचं होतं. वाटलं, मलाच कळत नाहीये."

आत्या पुढच्या बाकावर मटकन बसली. तिचा चेहरा बघून मला रडू येईल असं वाटलं. जळण्याबिळण्याचं सगळं डोक्यातून पार गेलं.

मौनीबाबानं हळूच नोकरीचं विचारलं.

"ती गेली," आत्या म्हणाली. "माझ्यामुळे गेली." मग तिनं माझ्या हातातला खडू घेतला आणि त्याच्यापुढे धरला. "इकडे ये. माझं आणखी कुठे कुठे चुकलंय, ते दाखव."

तो उठून फळ्यापर्यंत आला. पण खडू घ्यायला त्याचा हात पुढे होईना.