हातातलं खाली ठेवून

खालापूरच्या टोलनाक्याचा घोंगावता आवाज मागे पडला की एक रस्ता डोंगराकडे वळतो. त्याच्या शेवटी आमची वाडी, आणि वाडीच्या तोंडाशी शाळा. दोनच खोल्या आहेत, पण या खोल्यांतून शिकलेली पोरं खोपोलीच्या कारखान्यांत खुर्चीवर बसून कामं करतात, हे आम्ही पाहुण्याला पहिल्या चहासोबत सांगतो.

या शाळेच्या झिनतबाई रोज खोपोलीहून स्कूटीवर येतात. बाई बसलेल्या कुणी पाहिल्या नाहीत. वर्गात खुर्ची आहे, पण तिच्यावर त्यांची पर्स बसते. एका हातात खडू आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन बाई फळ्यापासून दारापर्यंत आणि दारापासून फळ्यापर्यंत फिरत असतात. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. चिंचोक्यांवर भागाकार शिकवला तर मंद म्हणून ओवाळून टाकलेलं पोरही बोटं न मोजता उत्तर देतं.

पण गेल्या वर्षी त्यांचा आवाज चढायला लागला. मोबाईलवर वरच्या ऑफिसातून माहिती मागवणारे निरोप यायचे, तेही सगळे तातडीचे. घरी मुलगा कामरान दहावीला. नवरा अली सकाळी दुकान उघडायचा तो रात्रीच घरी यायचा. बाई शाळेत असल्या की मन घरी, घरी असल्या की शाळेत. मोबाईल वाजला की त्यांच्या कपाळावर आठी उमटायची, आणि त्याच वेळी एखाद्या पोरानं काही विचारलं तर ती आठी त्याच्यावर कोसळायची. पोरं शहाणी होत गेली. काही विचारलं की एका सुरात म्हणायची, "छान, बाई."

रमजानचा महिना चालू होता तेव्हाची गोष्ट. खिचडी शिजली की पोरांना वाढण्याआधी शिक्षकानं चव घ्यायची, अशी शाळेची रीत. बाईंना रोजा असल्यामुळे त्या महिन्यात हे काम दुसरे शिक्षक राजेश सरांकडे होतं. त्या दिवशी सर खालापूरला प्रशिक्षणाला गेले होते. शिक्षकांनी मन शांत कसं ठेवावं, याचंच प्रशिक्षण होतं. बोलावणं दोघांनाही होतं, पण शाळा उघडी ठेवायची म्हणून बाई मागे राहिल्या.

खिचडी रांधणारी आमची मोतीबाई. तोंड चालू असलं की हात चालतात, असा तिचा स्वभाव. त्या दिवशी चुलीपाशी उभी राहून ती कुणाच्या तरी सोयरिकीची हकिगत सांगत होती. सांगता सांगता मीठ टाकलं की राहिलं, तेच तिला आठवेना. एरवी चमचाभर चाखली असती. पण नेमकी संकष्टी, तिचा उपास. तिनं देवाचं नाव घेतलं आणि मीठ टाकलं. पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, ते त्या देवालाच ठाऊक.

बाई आल्या तेव्हा त्यांच्या मोबाईलवर कसली तरी माहिती भरायची चालली होती. त्यांनी मोतीबाईला विचारलं, बरी झालीय ना? मोतीबाई म्हणाली, वास तर झकास येतोय. मग बाईंनी ओळीत पहिली बसलेली चौथीतली हिरू हिच्या ताटात वाढायला लावलं आणि पडद्यावरची नजर न उचलता विचारलं, कशी झालीय गं?

हिरूनं घास गिळला. "छान, बाई."

बाकीच्यांनी मुकाट्यानं खाल्लं. ताटात बरंच राहिलं, तेही बाईंना दिसलं नाही.

दुपारी पोरं एकेक करून पाण्याला उठू लागली. एक आलं की दुसरं जायचं. इकडे बाईंचा फॉर्म अर्ध्यावर अडकला होता, रेंज येत-जात होती, आणि तिकडे दारात पोरांची ये-जा. शेवटी त्या ओरडल्या, "पाण्याचं निमित्त पुरं झालं. आता कुणी जागचं उठायचं नाही."  ओठ चाटत पोरं बसून राहिली.

इतक्यात मोतीबाईनं हाक मारली. उरलेली खिचडी तिनं मागच्या बाजूला वाघ्यापुढे ओतली होती. वाघ्या म्हणजे वाडीचा कुत्रा, दगडाखेरीज सगळं खाणारा. त्यानं एकदा जीभ लावली, मोतीबाईकडे पाहिलं, आणि तो भांडी घासल्याचं पाणी लपालपा पिऊ लागला.

मोतीबाई हळू आवाजात म्हणाली, "बाई, यात कायतरी हाय. पण मला चाखता येत नाय."

"मलाही नाही," बाई म्हणाल्या.

पातेल्याच्या दोन बाजूंना दोघी उपाशी उभ्या होत्या. मग बाईंनी एक शीत उचलून जिभेवर ठेवलं, लगेच थुंकलं आणि चूळ भरली. गरजेला एवढी मुभा असते, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक होतं. वाढायच्या आधीही ठाऊक होतं. ते शीत निव्वळ मिठाचा खडा होतं.

त्या वर्गात धावल्या आणि सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं. पोरं टाकीला चिकटली ती सुटेनात. हिरू परत आली तेव्हा बाईंनी तिला जवळ घेतलं.

"खारट होती ना? मग छान का म्हणालीस?"

हिरूनं खाली पाहिलं. "तुमच्या हातात मोबाईल व्हता."

"म्हणून काय झालं?"

"मोबाईल असला का तुमी वरडता."

बाईंनी हातातला मोबाईल पाहिला. तो अजून तिथंच होता.

त्या संध्याकाळचं पुढचं त्यांनीच नंतर मोतीबाईला सांगितलं, आणि मोतीबाईच्या पोटात काही राहत नाही. घरी पोहोचल्यावर बाई इफ्तारीची भजी तळायला उभ्या राहिल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. एक घाणा करपला. कामरान खजूर मांडत होता. दोनच दिवसांपूर्वी त्याचा गणिताचा पेपर झाला होता. तो घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं होतं आणि तो म्हणाला होता, छान. तो शब्द आता त्यांच्या कानात पुन्हा वाजला, हिरूच्या आवाजात.

त्यांनी गॅस बंद केला. झारा कढईच्या कडेला ठेवला. वाजणारा मोबाईल दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. मग मोकळ्या हातांनी कामरानसमोर जमिनीवर बसल्या.

"पेपर कसा गेला रे?"

कामराननं एकदा आईच्या हातांकडे पाहिलं. मग खजूर नीट लावत म्हणाला, "चांगला नाय गेला, अम्मी. शेवटचे दोन प्रश्न राहिले."

बाईंचा आवाज चढायच्या बेतात आला. हात काहीतरी धरायला शिवशिवले, आणि धरायला काहीच नव्हतं. त्यांनी मांडीवरची ओढणी मुठीत घेतली, सोडली, पुन्हा घेतली. कामरान मान खाली घालून ओरडा खायची वाट पाहत होता. ओरडा आला नाही. अजान झाली. दोघांनी खजूर तोंडात टाकला, आणि पोरानं राहिलेले दोन प्रश्न कोणते होते ते आपणहून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी राजेश सर प्रशिक्षणाहून आले ते सांगत, की श्वास मोजायला शिकवलंय, पोरं मोजून झाली की तेवढंच करायचं. बाई हसल्या. त्यांना श्वास मोजणं जमत नाही, त्याचीही घाई होते. त्यांचं आपलं एकच चाललं आहे. राग वर आला की आधी हातात असेल ते खाली ठेवायचं. खडू, डस्टर, छडीसारखी धरलेली पट्टी, काहीही. मोबाईल आता तास चालू असेपर्यंत पर्समध्ये, पर्स खुर्चीवर. तो आत घूं घूं करत राहतो आणि बाईंची नजर तिकडे जात राहते. अजून त्या फळ्यापासून दारापर्यंत फिरतातच. ओरडतातही अधूनमधून, पण मग मध्येच थांबून खडू ठेवतात आणि पोरं तो खडू टेबलावर पडायची वाट पाहतात.

ईद झाल्यानंतरच्या आठवड्यात बाई चव घ्यायला पातेल्यापाशी गेल्या. चमचा तोंडाशी नेणार, तोच ओळीतून हिरू म्हणाली, "बाई, नीट चाखून बघा. परवाची अळणी व्हती."

मोतीबाई पुटपुटली की कालपर्यंत मुकी होती ही पोरगी. बाईंच्या कपाळावर ती जुनी आठी आली. त्यांनी चमचा खाली ठेवला.

"परवा का नाही सांगितलंस?"

"परवा तुमी घाईत व्हता."

"आजही आहे," बाई म्हणाल्या, आणि हिरूच्या शेजारी जमिनीवर बसल्या.