बाळंतिणींचा संत आणि माझं पोट

आख्ख्या पेडणे तालुक्यात माझ्याइतकी खबर ठेवणारा दुसरा ड्रायव्हर शोधून सापडायचा नाही. फक्त माझ्या बायकोला दिवस गेलेत ही खबर मला घरमालकिणीकडून कळली, आणि तीसुद्धा तिच्या माडाखाली टेम्पो लावला म्हणून ती मला शिव्या घालत होती तेव्हा. "बापूय जातलो तूं आतां, आनी माडामुळांत गाडी लावन तातूंतच न्हिदता!" बल्कांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, उभी राहून ती ओरडली. "नाल्ल पडलो तकलेर जाल्यार भुरग्यान बापूय म्हणचें कोणाक? टेम्पोक?" मी झोपेतच डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "आंटी, बापूस कोण होतलो?" तिनं कपाळावर हात मारला, आत गेली आणि आतून आवाज आला, "आयकलें मरे? ह्याका कांयच खबर ना!" घरात ती एकटी राहते. मला जरा वेळानं उमगलं, ती देव्हाऱ्यातल्या संताकडे माझी चहाडी करत होती.

अशी बाई मी दुसरी बघितली नाही. जगात मूल जन्माला येतं ते तिच्या परवानगीनं येतं अशी तिची समजूत होती, आणि हरमलात अर्ध्या बायकांचीही तीच होती. मी आधी साखळीच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचो. खाणी थांबल्या, ट्रक थांबला, मग मी टेम्पो घेऊन हरमलला आलो, समुद्रावरच्या शॅकवाल्यांना बिअरचे क्रेट आणि पाण्याचे जार पोचवायला. आंटीच्या घरामागच्या दोन खोल्या आम्हाला भाड्यानं मिळाल्या. पहिल्याच दिवशी तिनं बायकोला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आजून ना." मला वाटलं चहा अजून झाला नाही म्हणतेय, म्हणून मी म्हटलं, "चलात, घाय नाय." बायको लाजली ती का लाजली, ते मला वर्षभरानं कळलं.

आंटीकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात मेदालं. संत जेरार्ड म्हणून किरिस्तांवांचा एक संत आहे, बाळंतिणींची काळजी वाहणारा. त्याचं चित्र कोरलेली नखाएवढी चकती. मी एकदा तिला बिल्ला म्हटलं, तर आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी एवढंच बोलली, "बिल्लो आसता तो हमालाक. हें मेदाल." चर्चच्या फेस्ताच्या फेरीत, म्हणजे जत्रेत, ती मूठभर मेदालं विकत घ्यायची, पाद्रीकडून त्यांच्यावर आशीर्वाद घ्यायची, आणि ज्या बाईला दिवस गेलेत असं वाटेल तिला नेऊन द्यायची. हिंदू, किरिस्तांव, मासे विकणारी, बँकेत बसणारी, तिला सगळ्या सारख्याच. नियम मात्र कडक. मेदाल स्वतःच्या हातानं द्यायचं, कोणाकडे पाठवायचं नाही. आतल्या कपड्याला पिनेनं लावायचं. बाळंतपण झालं की परत आणून द्यायचं, ते पुढच्या बाईला जातं. आणि कोणी थँक्यू म्हणालं तर चिडायची. "म्हाका कित्याक? ताका म्हण. रात-दीस तो जागता."

ती दिवस कसे ओळखायची? सकाळी पाववाल्याचा भोंपू वाजला आणि एखादी बाई दाराशी यायच्या ऐवजी नाक धरून परसाकडे पळाली, की झालं. ताज्या पावाचा वास ज्या बाईला नको, तिच्या पोटात कोणीतरी आहेच, असा तिचा सिद्धांत. ह्या सिद्धांतानं ती पुष्कळदा तोंडावर आपटायची. नाक्यावरच्या शिंपीणबाईला, जिची नात शाळेत जाते, तिलासुद्धा तिनं मेदाल नेऊन दिलं. शिंपीणबाईचं नुसतं पित्त होतं. पण मेदाल लावल्यावर पित्त गेलं म्हणे, आणि आता ती मेदाल परत द्यायला तयार नाही. आंटी तिच्या दुकानावरून जाताना आजही मोठ्यानं विचारते, "कितें गो, आजून बाळंत जावंक ना?"

एकदा मला टेम्पो काढायला लावून मोरजीला घेऊन गेली. मी समजलो तिथं कोणी पोटुशी असेल. होती. समुद्रातून अंडी घालायला येते ती कासवीण. कासवीण अंडी घालून केव्हाच निघून गेलेली, किनाऱ्यावर नुसती जाळी ठोकून घरटं राखलेलं, आणि बाजूला वनखात्याचा एक माणूस टोपी घालून बसलेला. आंटी त्याला म्हणाली, "इतल्या पयसुल्ल्यान पेंवत येता ती, पोटांत शंबर तांतयां घेवन. तिका कोण आसा?" तो म्हणाला, "बाई, जाळीला हात लावायचा नाही." आंटी म्हणाली, "हांव हात लायना, संत लायता." आणि बांबूला मेदाल बांधून आली. त्या माणसानं ते काढून टाकलं नाही, हे मी मुद्दाम जाऊन बघून आलो. पिल्लं बाहेर पडल्यावर आंटीनं ते परत आणायला मलाच पाठवलं. नियम म्हणजे नियम, कासवालासुद्धा.

तर माझ्या बायकोचं. त्या दिवशी टेम्पोतून उतरून मी घरात गेलो आणि तिला विचारलं, "खरा काय गो?" ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनदा तुमका सांगलंय. दोनदा तुमी पेढे हाडलात. ह्या वेळेक गप ऱ्हवायचा ठरवलंय." मी दर चार वाक्यांत एक विनोद करतो, पण त्या दिवशी एकही आठवला नाही. दोन्ही वेळा पेढ्यांचा डबा संपायच्या आधीच सगळं संपलं होतं. मी तांदळातला एक खडा काढून दिला. तो खडा नव्हता, तांदूळच होता.

संध्याकाळी आंटी आली. डबा आणला नव्हता. मुठीतून एक मेदाल काढलं, चांदीचं, घासून घासून इतकं गुळगुळीत झालेलं की संताचं नाकसुद्धा राहिलं नव्हतं. बायकोच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, "हें बरें वावुरता." म्हणजे हे चांगलं काम करतं. मी म्हटलं, "आंटी, आमका साधा दिलात तरी चलात." तर म्हणाली, "तुका कोण दिता?" 

सात महिने बायको ते लावून होती. पोट वाढलं, मी पेढ्यांच्या दुकानासमोरून टेम्पो वेगानं न्यायला शिकलो. मग गावाहून माझी आई आली, दोडामार्गाकडून, बाळंतपणाला. येताना ग्रामदेवाचा काळा दोरा, अंगारा आणि एक फणस घेऊन आली. आता माझी आई म्हणजे देवाच्या बाबतीत भारी कडक. सुनेच्या अंगावर दुसऱ्यांचा संत बघितला तर घर डोक्यावर घेईल, ह्या भीतीनं मी आई यायच्या आदल्या दिवशी आंटीनं घासायला मागितलंय अशी बायकोला थाप मारून मेदाल काढलं. पण ठेवणार कुठं? खिशात ठेवलं तर हरवेल. नवरा-बायको एकच असतात असं लग्नात भटानं सांगितलेलं मला बरोबर लक्षात होतं. म्हणून मी ते शर्टाच्या आत माझ्याच गंजीफ्रॉकला लावलं. बाकी लग्नात सांगितलेलं काहीच लक्षात नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शॅकवर क्रेट उतरवत असताना माझ्या पोटात कळ आली. अशी कळ, की हातातला क्रेट वाळूत आणि मी क्रेटवर. कळ यायची, जायची, जरा दम घेऊन परत यायची. दोन पोरांनी मला उचलून टेम्पोत घातलं आणि घरी आणून बल्कांवात आडवं केलं. आई धावली, बायको पोट सावरत आली, आंटीही आली. ओवा शोधायला आईनं माझा शर्ट उघडला, म्हणजे ओवा शर्टात नव्हता, पोट चोळायचं होतं. आणि गंजीफ्रॉकवर चकाकलं मेदाल.

आंटीनं छातीवर क्रुसाची खूण केली आणि म्हणाली, "म्हणून म्हजो संत फसलो! तो आतां म्हातारो जाला रे. वयल्यान ताका मेदाल दिसता, मनीस दिसना. मेदाल जंय, कळो थंय!" मी कण्हत विचारलं, "आंटी, मगे आता माका काय होतला?" ती शांतपणे म्हणाली, "चली जाल्यार बरें." चली म्हणजे मुलगी.

मी आईकडे बघितलं. आता घर डोक्यावर येणार. आई आली ती माझ्याच डोक्यावर. "मेल्या, बायलेचो देव काडून आपल्या गंजीफ्राकाक लावलंस? लाज नाय वाटली?" मी म्हटलं, "आये, तुका चलाचा नाय म्हणान..." "माका इचारलंस?" आईनं पिन उघडली, मेदाल सुनेच्या कपड्याला लावलं, काळ्या दोऱ्याच्या अगदी शेजारी. म्हणाली, "दोगांकय नेमून ठेव गो. एक जेवक गेलो तर दुसरो बघात." मग माझ्याकडे वळली. "आणि फणस किती खाल्लंस?" मी सांगितलं. सकाळी अर्धा, वर तांब्याभर पाणी. 

ह्याच्यावर बायको हसायला लागली. सात महिने जी जपून चालली, जपून बसली, जपून शिंकली, ती भिंतीला टेकून मोठमोठ्यानं हसली. हसता हसता थांबली आणि आंटीचा हात धरला. तिचा चेहराच बदलला. आंटी म्हणाली, "पळय, संताक पत्तो मेळ्ळो."

ॲम्ब्युलन्स आली. त्यातला माणूस उतरला आणि बल्कांवात मला गडबडा लोळताना बघून म्हणाला, "पेशंट कोण?" मी हात वर केला. त्यानं मला अर्धवट उचललंही. तेवढ्यात बायको पिशवी घेऊन माझ्या अंगावरून पलीकडे पाय टाकून गेली आणि स्वतः चढून बसली. आई चढली. मला कोणीतरी ड्रायव्हरच्या बाजूला बसवलं. म्हापशाला पोचेपर्यंत मागून बायकोचा आवाज येत नव्हता, माझाच येत होता. आईनं नंतर सांगितलं, बायकोनं एका हातात दोरा आणि एका हातात मेदाल धरलं होतं, आणि दोन्ही सोडवायला नर्सला कष्ट पडले.

मुलगी झाली. तिसरी म्हणावी की पहिली, मला कळत नाही. बायको पहिली म्हणते. पेढे मी आणले, पण मुलीला हातात घेऊन बघितल्यावर आणले.

दीड महिन्यानं बायको मुलीला खांद्यावर टाकून मेदाल परत करायला गेली. मीही गेलो, माफी मागायची राहिली होती. आंटी देव्हाऱ्यापुढे बसली होती, मोबाइल हातात. तिची एकुलती मुलगी इंग्लंडला असते. घरावरून मोपाच्या विमानतळाचं विमान गेलं की आंटी मान वर करून नेहमी म्हणायची, "आनीक कोणाचें तरी व्हेलें." म्हणजे आणखी कोणाचं तरी मूल नेलं. त्या दिवशी मोबाइलमधून मुलगी सांगत होती, "माय, कुरियर कर गो. सगळीं करतात." आंटी म्हणाली, "संत म्हळ्यार पार्सल न्हय," आणि फोन ठेवला. मग आम्हाला कळलं, मुलीला दिवस गेलेत. आणि ते गुळगुळीत मेदाल आंटीनं स्वतः ह्या मुलीच्या वेळी लावलं होतं, आंटीच्या आईनं दिलेलं. इतकी वर्षं ते मुलीसाठी राखून ठेवलेलं.

बायकोनं विचारलं, "मगे आमका कित्याक दिलात?"

"तूं हांगा म्हज्या दारांत आसलें," आंटी म्हणाली. "ती खंय आसली?"

बायकोनं मेदाल तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "आंटी, हातान देवचा, पाठवचा नाय. नेम तुमचोच मां?" आंटी संताकडे बघत बसली, जसं काही त्यानंच बायकोला शिकवून पाठवलंय. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो धूत होतो तर आंटीनं बल्कांवातून विचारलं, "मोपाक पावपाक कितलो वेळ लागता रे?"

पासपोर्ट, व्हिसा ह्यात पाऊस गेला. निघायच्या सकाळी पाववाल्याचा भोंपू वाजला आणि तिनं सवयीनं शेजारच्या चारही दारांकडे बघून घेतलं. कोणी नाक धरून पळालं नाही. मग मी तिची बॅग टेम्पोत चढवली. तिनं गाऊनच्या आत लावलेलं मेदाल मला वरूनच चाचपून दाखवलं. विमानात बसायला घाबरत होती, पण सांगेल कशी? म्हणाली, "म्हज्या संताक भंय दिसता." तीन महिन्यांत येणार म्हणाली. इथून गेलेले सगळे तीन महिनेच म्हणतात. बायकोच्या कडेवर मुलगी होती, तिला आंटीनं हुंगून घेतलं, ताजा पाव हुंगावा तसं. 

मग आत जाऊन तो पत्र्याचा डबा घेऊन आली. मेदालं आत खुळखुळत होती. मी दोन्ही हात पुढं केले आणि म्हटलं, "द्या आंटी. तुमी येयसर मी जिवापलीकडे सांभाळतंय."

तिनं डबा माझ्या हातांवरून पुढं नेला आणि माझ्या बायकोच्या हातात ठेवला.

"तुज्या हातांत नाका," ती मला म्हणाली. "तूं परत बाळंत जातलो."